वही घरी ठेवून ये

‘काकू, मी ग्वाल्हेरच्या लष्कर भागात राहते, दिवसा नोकरी करते आणि रात्री लिहिते. ललित म्हणता येईल असं काहीतरी. गेल्या डिसेंबरात बाबांबरोबर तानसेन समारोहाला, म्हणजे इथल्या दरवर्षीच्या संगीत महोत्सवाला गेले होते, हजीऱ्याला, रात्रीच्या सभेला. गाणं रंगात आलं होतं आणि मला एक वाक्य सुचलं. विसरू नये म्हणून मी ते मोबाइलवर टिपलं: “थंडीत सूर वाफेसारखे वर जात होते आणि ग्वाल्हेर त्यांच्यासोबत हळूहळू विरघळत होतं.” मग आणखी दोन-तीन सुचली. घरी आल्यावर बाबांनी शाल काढता काढता एवढंच विचारलं, “तू आली होतीस का?” मला रात्रभर झोप लागली नाही. खरं सांगते, कोणता राग गायला गेला तेही मला आठवत नव्हतं. आठवत होती ती तानपुऱ्यावर बसलेली मुलगी. एक राग संपून दुसरा सुरू होईपर्यंत ती उजव्या हाताची बोटं काखेत दाबून ऊब घेत होती.

घरात आजी आहे, ८६ वर्षांची. कालचं तिच्या लक्षात राहत नाही, जुनं मात्र भरभरून सांगते. मी वही घेऊन बसले की गप्प होते, नाहीतर शाळेत उभं केल्यासारखं नीटनेटकं बोलू लागते. एकदा गेलेल्या काकांबद्दल सांगताना ती रडली, आणि तिच्या रडण्याचं वाक्य माझ्या डोक्यात तिथल्या तिथे तयार झालं. मला स्वतःची किळस आली. तेव्हापासून दोन महिने मी एक ओळ लिहिलेली नाही. आता दिवस येतात, जातात, हाती काही लागत नाही. मी जगू की लिहू?’

तू माझ्या धाकट्या लेकीहूनही लहान असशील, म्हणून एकेरीत लिहिते. तुझं पत्र मी तीनदा वाचलं. पहिल्यांदा वाचलं तेव्हाच एका जागी थांबले होते, ती जागा आधी सांगते.

तू टिपलेलं ते वाफेचं वाक्य. त्यात सभेतलं काय आहे? गायक नाही, गायिका नाही, राग नाही, ठेका नाही. थंडी आहे, पण ती डिसेंबरात ग्वाल्हेरला सगळ्यांच्याच वाट्याला येते. हे वाक्य तू घरी रजईत बसून लिहू शकली असतीस, त्यासाठी हजीऱ्यापर्यंत जायची गरज नव्हती. आणि ती बोटं काखेत दाबणारी मुलगी? तिचं तू काहीच टिपलं नव्हतंस. तरी ती तुझ्याबरोबर घरी आली, दोन महिने राहिली आणि पत्रात उतरली. मी त्या सभेला नव्हते, पण ती मुलगी आता मलाही दिसते. तारा सतत छेडायच्या, गाणाऱ्याला क्षणभरही उघडं पडू द्यायचं नाही, आणि सवड मिळते तेवढ्यात स्वतःची बोटं जिवंत ठेवायची. तुझ्या पत्रातलं सर्वांत चांगलं लेखन ते आहे, आणि ते घडलं तेव्हा तू लिहीत नव्हतीस, बघत होतीस.

म्हणून ‘जगू की लिहू’ या प्रश्नाशी मी अडत नाही. मला वेगळं विचारायचं आहे: त्या रात्री तुझ्या डोक्यात आलेलं वाक्य कशाबद्दल होतं? समोरच्या गाण्याबद्दल होतं, की ‘मी या गाण्याला आले आहे’ याबद्दल? माझ्या मते तुझी गल्लत इथे झाली. मोबाइल हातात होता म्हणून तू दूर गेलीस असं मला वाटत नाही. तू आधीच स्वतःकडे वळली होतीस, मोबाइल मागून आला.

मी वयाच्या अकराव्या वर्षी गाणं शिकायला जाऊ लागले. गुरुजींचं घर जनकगंजात, आमचं कंपूच्या बाजूला. पहिल्या दिवशी आईने नवी कोरी वही दिली होती, पुठ्ठ्याला खाकी कागद घातलेली. गुरुजींनी ती पाहिली आणि म्हणाले, “उद्यापासून वही घरी ठेवून ये.” शिकवणी चालू असताना लिहायचं नाही, असा त्यांचा दंडक होता. बंदीश, म्हणजे रागात बांधलेलं गाणं, ते तीन-चार वेळा म्हणत, आम्ही मागून म्हणायचो, आणि मग निघायचं. घरी पोचेपर्यंत ती डोक्यात सांभाळायची. मी चालताना पुटपुटत जायचे. वाटेत ओळखीचं कोणी भेटलं तर नुसती मान हलवायचे, बोलले तर अंतरा, म्हणजे बंदिशीचा दुसरा भाग, सांडेल या भीतीने. घरी पोचले की चप्पल काढायच्या आधी वही.

आणि वहीत मोकळ्या जागा राहायच्या. स्थायी, म्हणजे पहिला भाग, पूर्ण यायची, अंतऱ्याच्या दुसऱ्या ओळीत तीन मात्रा गायब. तिथे मी रेघ मारून ठेवायचे. दुसऱ्या दिवशी गुरुजींसमोर म्हणताना बरोबर तिथेच अडखळायचे. ते हसायचे नाहीत, रागवायचे नाहीत. “इथे काल तू खिडकीबाहेर बघत होतीस,” एवढं म्हणून ती ओळ पुन्हा सांगायचे. कितीतरी वर्षं मला हा निव्वळ जुन्या लोकांचा हट्ट वाटायचा. आज वाटतं, मी कुठे ऐकत नव्हते ते मला त्या मोकळ्या जागांनी दाखवलं. गुरुजींसमोर बसून उतरवून घेतलं असतं तर वही भरली असती आणि माझ्या कानातलं भोक मला कधी कळलंच नसतं.

आपल्या शहराला हा विषय नवा नाही. हद्दू खाँ आणि हस्सू खाँ या गायक भावांची गोष्ट तू बाबांकडून ऐकली असशील. शिंद्यांच्या दरबारात बडे मोहंमद खाँ गायचे. त्यांची तान कोणाला मिळत नव्हती आणि ते शिकवायलाही तयार नव्हते. मग म्हणे या दोघा भावांना आडोशाला बसवलं गेलं आणि त्यांनी लपून ती गायकी उचलली. ही दंतकथा आहे, प्रत्येक घरात थोडी वेगळी सांगतात. लहानपणी मला ती चोरीची गोष्ट वाटायची. आता मला तिथल्या अंधारात बसलेली दोन मुलं दिसतात. कागद नाही, दिवा नाही, हूं की चूं करायची सोय नाही. अख्खा देह कान करून बसण्याशिवाय त्यांच्याजवळ काही नव्हतं, आणि पुढे ग्वाल्हेरची गायकी म्हणून जी जगभर गेली तिच्यात त्या बसण्याचा वाटा मानला जातो.

पण हे एवढंच सांगून थांबले तर मी तुला अर्धं सांगितलं असं होईल. याच गावात १९१८ साली माधवराव शिंद्यांच्या पाठबळाने माधव संगीत विद्यालय सुरू झालं, ते पंडित विष्णु नारायण भातखंडे यांच्या खटपटीने. हा माणूस वकिली सोडून गावोगाव फिरला, उस्तादांच्या समोर बसला आणि बंदिशी कागदावर उतरवत गेला. कोमल स्वराखाली आडवी रेघ, तीव्र मध्यमाच्या डोक्यावर उभी रेघ, मंद्र सप्तकाला खाली टिंब, तार सप्तकाला वर टिंब. ज्या घराण्यांत मुलगा झाला नाही, शिष्य टिकला नाही, त्यांच्याकडच्या चिजा त्यांच्याबरोबर चितेवर किंवा कबरीत जायच्या. भातखंड्यांनी उतरवलेल्या चिजा सहा भागांत छापल्या गेल्या, म्हणून आज कोणत्याही गावातली शाळकरी मुलगी त्या म्हणू शकते. त्यांच्या स्वरलिपीत मींडेसाठी, म्हणजे एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जाण्यासाठी, दोन स्वरांवर कमान काढतात. ती मींड किती सावकाश घ्यायची हे कमान सांगू शकत नाही, त्यासाठी गुरूसमोर बसावंच लागतं. पण कमानीखाली कोणते दोन स्वर होते, हे न लिहिता राहिलं असतं तर बसून तरी काय मागितलं असतं?

न लिहिण्याचा तोटा मला माझ्या आईने शिकवला. तिचं शेवटचं वर्ष मी जवळजवळ पूर्ण तिच्या उशाशी काढलं. तेव्हा मी मासिकांतून लिहीत होते, पण त्या वर्षी ठरवून काही लिहिलं नाही. मरणाऱ्या माणसाशेजारी बसून टिपणं काढायची, हे मला अभद्र वाटलं. त्या निर्णयाबद्दल मला पश्चात्ताप नाही, एक गोष्ट सोडून. थंडीत पहाटे, सूर्य यायच्या आधी, धुकं असतानाही हाताच्या रेषा दिसू लागतील एवढा एक उजेड येतो. त्या उजेडाला आई एक शब्द वापरायची. तिच्या आजीकडून आलेला. शेवटच्या महिन्यातही ती खिडकीकडे बघून तो म्हणाली होती, आणि मी मनात म्हटलं, हा आपल्या लक्षात राहीलच. नाही राहिला. त्यात ‘ळ’ होता एवढं आठवतं. धाकट्या भावाला विचारलं, मावशीच्या मुलींना विचारलं, कोणाला येत नाही. त्या उजेडाला आता आमच्या घरात नाव नाही.

म्हणून माझा हिशेब आज असा आहे. शब्द, नावं, मापं आणि तारखा तिथल्या तिथे लिहून घ्याव्यात, निर्लज्जपणे, तळहातावर लिहाव्या लागल्या तरी. या गोष्टी मन सांभाळत नाही, आणि विसरल्यावर त्यांच्या जागी खुशाल दुसरंच घालून देतं. बाकी सगळं, म्हणजे कोण कसं बसलं होतं, आवाज कुठे फुटला, खोलीत कशाचा वास होता, हे जनकगंजाहून कंपूपर्यंत चालत जाऊ दे. वाटेत काही सांडेल. सांडू दे.

आता आजी.

आधी व्यवहाराचं. या वयातलं विसरणं घरात सगळे ‘म्हातारपण’ म्हणून सोडून देतात. तसं सोडू नका. एकदा डॉक्टरांना दाखवा. कधीकधी बी-१२ जीवनसत्त्व कमी पडल्याने किंवा थायरॉइड बिघडल्यानेही माणूस असं विसरू लागतं आणि त्यावर उपाय असतो. नसलाच तरी घरच्यांना पुढची तयारी करता येते. आणि ‘आजी, आठवतं का, हे कोण सांग बरं’ अशी परीक्षा कोणी घेत असेल तर ती आजच बंद करा. नाव आपणच सांगायचं: ‘आजी, ही सुमनताई आली बघ.’ परीक्षेत नापास होण्याची लाज त्या वयात फार लागते. वही पाहून तुझी आजी शाळकरी होते, त्यामागेही तेच असावं असं मला वाटतं. तिला वाटत असेल की चुकलं तर हे कायमचं चुकलेलं राहील.

म्हणून ती बोलत असताना वही उघडायची नाही. तिच्यासमोर रिकाम्या हाताने बसूही नकोस. मटार सोल, मेथी निवड, तिच्या पायाला तेल लाव. हात गुंतलेले असले की तू तिच्या तोंडाकडे टक लावून बघत नाहीस आणि तीही मोकळी बोलते. तीच गोष्ट ती उद्या पुन्हा सांगेल, परवा पुन्हा. घरातले कंटाळतील, तू कंटाळू नकोस. तुझ्या वहीतल्या मोकळ्या जागा भरण्याची ही तुला मिळालेली संधी आहे. काल जिथे अडली होतीस तिथे आज नीट ऐक. आणि दोन वेळच्या सांगण्यात फरक पडला, पहिल्या वेळी गाय होती आणि दुसऱ्या वेळी म्हैस झाली, तर तिला टोकू नकोस. दोन्ही लिहून ठेव.

पण तिच्याकडून लिहून घ्यायचा एक मार्ग आहे आणि तो तिच्या पिढीला अंगवळणी आहे. आमच्या वाड्यात एक काकू होत्या, चष्मा फुटला तेव्हापासून लिहायच्या नाहीत. दर पंधरा दिवसांनी त्या मला बोलवायच्या, पाटावर बसायच्या आणि पत्र सांगायच्या. ‘लिही, अनेक उत्तम आशीर्वाद. लिही, इकडे थंडी मी म्हणते आहे.’ मध्येच थांबून विचारायच्या, ‘काय लिहिलंस, वाच पाहू.’ मी वाचलं की म्हणायच्या, ‘छे, असं नको, त्याला वाईट वाटेल,’ आणि खोडायला लावायच्या. पत्र त्यांचं होतं, मी फक्त हात. तुझ्या आजीनेही आयुष्यात केव्हातरी असं पत्र सांगितलं असेल किंवा दुसऱ्या कोणाचं लिहिलं असेल. ‘आजी, तुझ्या आठवणी सांग, मी लिहिते’ असं म्हटलं की ती ताठ होते. ‘आजी, कोणाला पत्र पाठवायचं आहे का?’ असं विचारून बघ. माहेरच्या बहिणीला, भाचीला, कोणालाही. ज्याला लिहायचं ते माणूस हयात नसलं तरी घाई करून सुधारू नकोस. मजकूर तिच्या शब्दांत, तिच्या ग्वाल्हेरी मराठीत. शेगडीला ती अंगीठी म्हणत असेल तर अंगीठीच लिही, पुण्याच्या वाचकासाठी शेगडी करू नकोस. आणि शेवटी तिला वाचून दाखव, तिला खोडू दे.

मोबाइलवर आवाज भरून ठेवावा का, हे तू विचारलं नाहीस, पण विचारशील. भरावा, तिला सांगून, दोन-चार वेळा. पुढे कधीतरी तो आवाज तुम्हा सगळ्यांना हवा होईल. पण मोबाइल भरतोय म्हणून ऐकणं सोडायचं नाही.

काकांचं. आजी रडत होती आणि तुझ्या डोक्यात वाक्य आलं. बाळा, ते येणारच. सुताराची नजर कोणाच्याही घरी गेला तरी दाराच्या चौकटीवर जाते, मयताला गेला तरी जाते. त्याने तिथे पटाशी काढली तर चूक. तू काढली नाहीस. पत्रात तू लिहिलेलं नाहीस, पण मला खात्री आहे की तुझा हात तेव्हा तिच्या पाठीवर होता. वाक्य येतं तेव्हा त्याच्याशी झटापट करू नकोस, त्याला बसायला पाटही देऊ नकोस. ते खरं असेल तर रात्री परत येईल. नाही आलं तर आजीची पाठ तुझ्या तळव्याला आठवेल, आणि त्यातून वेगळं वाक्य येईल, बहुतेक जास्त चांगलं. तिच्या त्या दुःखाबद्दल कधी छापायला देणार असशील, तर आधी तुझ्या त्या काकांच्या बायकोला, त्यांच्या मुलांना वाचून दाखव. यात सूट नाही.

बाबांच्या प्रश्नाबद्दल मला वेगळं वाटतं. तू तो आरोप म्हणून ऐकलास. गाणं ऐकणारी माणसं मी आयुष्यभर बघत आले आहे. सुंदर जागा आली, तान फिरून नेमकी समेवर पडली, की ऐकणारा आपोआप शेजाऱ्याकडे बघतो. ‘ऐकलंस?’ असं न बोलता विचारतो. त्या एका नजरेसाठी लोक सोबतीने गाण्याला जातात, नाहीतर घरी रेडिओ होताच. बाबांनी त्या रात्री एकदा तरी तुझ्याकडे पाहिलं असणार आणि त्यांना मोबाइलच्या उजेडातलं तुझं खाली घातलेलं तोंड दिसलं असणार. ते रागावलेले नाहीत, एकटे पडले होते.

त्यासाठी पुढच्या डिसेंबराची वाट बघू नकोस. आपल्या गावात बैठकींना तोटा नाही. मोबाइल घरी ठेवायची शपथ वगैरे घेऊ नकोस, रात्री परतायचं असतं, आजी घरात आहे. तो बाबांच्या कोटाच्या खिशात दे. आणि परत येताना, गाडीवर किंवा चालत, त्यांना विचार, ‘तुम्हाला कुठली जागा आवडली?’ ते सांगतील, तू तुझी सांग. शक्य असेल तर गुणगुणून सांग.

दोन महिने काही लिहिलेलं नाहीस, ते आज रात्री मोडायचं. भा. रा. तांबे ग्वाल्हेरचे राजकवी होते, हे तुला माहीत असेल. त्यांच्या बऱ्याच कवितांखाली राग, ठिकाण आणि तारीख छापलेली असते. कवितेत काय आहे ते कवितेत, पण मी तेव्हा लष्करात होतो आणि हा अमुक दिवस होता, एवढं ते इमानाने नोंदवून ठेवायचे. तूही तिथून सुरुवात कर. पानाच्या तळाशी ‘लष्कर, ग्वाल्हेर’ आणि तारीख लिही. वर दिवसभरात तुझ्याबरोबर घरी आलेली एक गोष्ट. एकच, काखेत बोटं दाबणाऱ्या मुलीएवढी. उपमा सुचली तर आठवडाभर ती बाजूला ठेव. कधी पान रिकामं राहील, तरी तारीख घाल. कुठल्या दिवशी तू खिडकीबाहेर बघत होतीस ते कळेल.

आणि ती मुलगी आधी लिही, दुसरं काही लिहिण्याआधी. बाबांना विचार, तिच्या तानपुऱ्याच्या पहिल्या तारेवर त्या रात्री पंचम (प) लावला होता की मध्यम (म). मध्यम असेल तर कोणते राग असू शकतात ते ते तुला सांगतील, आणि कदाचित तो राग सापडेलही.

आजीने पहिलं पत्र कोणाच्या नावाने सांगितलं, तेवढं मला कळव. मजकूर कळवू नकोस.

तुझी,
काकू